लग्न कोल्हापुरात, अर्ज कॅनडात: जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपची फाइल कशी लावावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कॅनडातल्या ओंटारिओत पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी आहात. डिसेंबरमध्ये कोल्हापुरात तुमचं ठरवून लग्न झालं. मुलगी पाहिल्यापासून अक्षता पडेपर्यंत जेमतेम दीड महिना गेला आणि लग्नानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही कामावर परतलात. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचा स्टडी परमिट नाकारला गेला होता. आता पत्नीला स्पॉन्सर करून कॅनडात आणायचं आहे, तर इतक्या लवकर उरकलेलं लग्न अधिकाऱ्याला खरं वाटेल का आणि कागद कोणत्या क्रमाने जमवायचे, हे तुम्हाला हवं आहे.

मी परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून बरीच वर्षं अशा फाइली हाताळते आहे. ठरवून केलेलं लग्न ही आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी नवी गोष्ट नाही आणि दीड महिन्यात लग्न झालं एवढ्यावरून कुणी फाइल नाकारत नाही. अडचण येते ती ते दीड महिने फाइलमध्ये कुठेच दिसत नाहीत तेव्हा.

आधी अधिकारी काय तपासतो ते समजून घ्या. पहिला प्रश्न, लग्न कायदेशीर आहे का: जिथे झालं तिथल्या कायद्याने आणि कॅनडाच्या कायद्यानेही. दुसरा प्रश्न इमिग्रेशन नियमावलीच्या कलम ४ मधला आहे. लग्न मुख्यतः इमिग्रेशनच्या फायद्यासाठी केलं असेल, किंवा ते नातं खरं नसेल, तर जोडीदार म्हणून मान्यता मिळत नाही. इथला ‘किंवा’ २०१० मध्ये आला, त्याआधी ‘आणि’ होता. म्हणजे आता दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सांभाळाव्या लागतात. लग्नामागचा हेतू लग्न झालं त्या वेळचा पाहतात आणि नात्याचा खरेपणा अर्ज तपासण्याच्या वेळचा पाहतात. एकासाठी लग्नाआधीचे पुरावे लागतात, दुसऱ्यासाठी लग्नानंतरचे.

आपल्याकडची बहुतेक जोडपी नेमकी मधल्या दिवसावर सगळा भर देतात. हळद, सप्तपदी, रिसेप्शन यांचे शेकडो फोटो असतात, पण स्थळ कुणी सुचवलं, होकार कसा झाला आणि नवरा परत गेल्यावर दोघांचं काय चाललंय, यावर एक पान धड नसतं. तुम्ही हा तोल उलटा करा. लग्नाचा दिवस थोडक्यात आटपा आणि त्याच्या आधी-नंतरचं सविस्तर मांडा.

आधीच्या काळाचे पुरावे तुमच्या घरात पडलेले असतात, ते पुरावे आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन्हीकडचा बायोडाटा, तो ज्या व्हॉट्सॲप मेसेजमधून आला तो मेसेज, विवाहसंस्थेच्या साइटवरून ओळख झाली असेल तर तिथला संवाद, तुम्ही भारतात नसताना आई-वडील मुलगी पाहायला गेले तेव्हाचा फोटो, तुमचा पहिला व्हिडिओ कॉल, साखरपुड्याची तारीख, हॉलच्या बुकिंगची पावती, पत्रिका, तुमचं विमानाचं तिकीट. आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये ओळख कशी झाली, पहिली भेट कधी, कुटुंबीयांना कधी कळलं, समारंभाला कोण होतं, असं सगळं विचारलेलं असतं. उत्तर लिहिताना ‘आमचं अरेंज मॅरेज आहे’ एवढ्यावर थांबू नका. मामांनी स्थळ सुचवलं असेल तर ते कोणाचे मामा, पत्नीच्या घरच्यांशी त्यांची ओळख कशी, हे लिहा. तुम्ही दोघांनी एकमेकांत काय पाहिलं, कशावर एकमत झालं, कशावर झालं नाही, हेही लिहा. नोकरी पुढे करायची की शिकायचं, सासू-सासरे सोबत राहतील का, अशा गोष्टी लग्न ठरवताना आपण बोलतोच. त्या तशाच साध्या शब्दांत आल्या की लग्न ठरण्याची प्रक्रिया अधिकाऱ्याला दिसते. दीड महिनाच का, याचंही कारण द्या. रजा तेवढीच होती, मुहूर्त त्याच महिन्यात होता, आजीची तब्येत बरी नव्हती, जे खरं असेल ते.

लग्नानंतरच्या भागात कागद कमी आणि सातत्य जास्त लागतं. ‘एकत्र राहत नाही’ हे तुमच्या बाबतीत उघड आहे, म्हणून संपर्क, पैसे आणि प्रवास या तीन वाटांनी संसार दाखवावा लागतो. कॉलची यादी वेगवेगळ्या महिन्यांतली घ्या, एकाच आठवड्यातली नको. पत्नीच्या खात्यात पाठवलेले पैसे, विम्यात किंवा पीएफमध्ये वारस म्हणून केलेली नोंद, ऑफिसच्या आरोग्य विम्यात जोडीदार म्हणून घातलेलं नाव, सासरच्या पत्त्यावर आलेली त्यांची पत्रं, गणपतीत किंवा दिवाळीत पत्नी तुमच्या आई-वडिलांकडे असतील तर ते फोटो. शेवटच्या प्रकाराला मी फार मोल देते. नवरा परदेशात असतानाही सून म्हणून घरात वावर आहे, हे आपल्याकडच्या नात्याचं अस्सल चिन्ह आहे आणि कागदांच्या यादीत त्याला वेगळा रकाना नाही. म्हणून ते पत्रात शब्दांनी सांगावं लागतं. आणि शक्य असेल तर निकालाची वाट न पाहता पुढच्या सुट्टीत भारतात जाऊन या. दुसरी भेट ही पन्नास पानांच्या चॅटपेक्षा वजनदार असते.

फोटो आणि चॅट यांना मर्यादा आहे. जोडीदाराच्या कागदपत्रांच्या यादीत, म्हणजे आयएमएम ५५३३ मध्ये, फोटो जास्तीत जास्त २० आणि पत्रं, मेसेज, ईमेल मिळून जास्तीत जास्त १० पानं सांगितली आहेत. म्हणून निवड करावी लागते. वीसपैकी लग्नाचे पाच-सहा पुरेत, त्यात दोन्हीकडचे आई-वडील एका चौकटीत असलेला एक हवाच. बाकीचे आधीचे आणि नंतरचे. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि डावीकडून कोण कोण आहेत ते लिहा. चॅटच्या बाबतीत मात्र एक गोष्ट हमखास राहून जाते: इंग्रजी किंवा फ्रेंच सोडून कुठल्याही भाषेतल्या कागदासोबत भाषांतर लागतं आणि मराठी चॅट, मग ती देवनागरीत असो की इंग्रजी अक्षरांत, याला अपवाद नाही. भाषांतर तुम्ही, पत्नीने, नातेवाइकाने किंवा तुमच्या सल्लागाराने केलेलं चालत नाही. कॅनडातल्या प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घेतलं नसेल तर भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्यामुळे चॅटची थोडीच, पण रोजच्या जगण्याची पानं निवडा: ‘पोचलास का’, ‘बाबांचा रिपोर्ट आला’, ‘भाडं भरलं’. प्रेमाच्या मोठ्या वाक्यांची गरज नाही.

आता कायदेशीर बाजू, कारण इथे चूक झाली तर बाकीचं सगळं निरुपयोगी ठरतं.

महाराष्ट्रात लग्न झाल्यावर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडून १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखालचा दाखला मिळतो. फाइलमध्ये तोच हवा. मंगल कार्यालयाची पावती, भटजींचं पत्र, पत्रिका हे त्याच्या जागी चालत नाही. त्या दाखल्यावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. प्रत्येक फॉर्ममध्ये लग्नाची तारीख म्हणून विवाहाचीच तारीख टाका. नवऱ्याच्या फॉर्मवर एक आणि बायकोच्या फॉर्मवर दुसरी तारीख असलेल्या फाइली मी इतक्या पाहिल्या आहेत की, आता कुठलीही फाइल हातात आली की मी सगळ्यात आधी हेच तपासते.

‘व्हिसासाठी आधी नोंदणी करून टाकू, लग्न सवडीने लावू’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधी झाल्याशिवाय हिंदू विवाह होत नाही आणि नोंदणी ही फक्त झालेल्या लग्नाची नोंद असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे अगदी स्पष्ट सांगितलं: विधी न करता नुसता दाखला घेतला असेल तर त्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही. परदेशी जाण्याच्या अर्जासाठी अशी नोंदणी करून घेण्याच्या प्रथेचा उल्लेखही न्यायालयाने त्याच निकालात केला. लवकर कायदेशीर लग्न करायचंच असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तिथे निबंधकासमोर झालेली नोंद हेच लग्न असतं, मागून वैदिक विधी केले तरी कायद्याची तारीख पहिलीच राहते. पण त्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाने नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. मुलगी तिथलीच असेल तर ती अट तिच्यामुळे पुरी होते. तीन आठवड्यांची रजा काढून येणाऱ्यांनी नोटिशीची तारीख आधी ठरवावी आणि मग तिकीट काढावं.

व्हिडिओ कॉलवरून किंवा मुखत्यारामार्फत झालेलं लग्न कॅनडा मानत नाही. दोघेही समारंभाला प्रत्यक्ष हजर हवेत, हा नियम जून २०१५ पासून आहे. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, ती संपण्याआधी दुसरं लग्न करू नका. मामेबहीण-आतेभाऊ असं नातं असेल तर कॅनडाची आडकाठी नाही, पण भारतीय कायद्यात ते रूढीच्या अपवादात बसवावं लागतं. म्हणून आपल्या समाजात अशी लग्नं होतात याचा आधार फाइलमध्ये ठेवा. विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरण्यासाठीचा सरकारी शिक्का, मात्र या अर्जासाठी मागत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

नावाचं पाहू. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनावच नव्हे तर मधलं नावही बदलतं, आणि ते एकाच दिवशी सगळीकडे बदलत नाही. आधार नव्या नावाने, पासपोर्ट जुन्या नावाने, बँक कुठेतरी मधेच. माझा सल्ला असा की, निकाल येईपर्यंत काहीच बदलू नका. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने करा, दुसरं नाव कुठल्याही कागदावर आलं असेल तर ‘इतर नावे’ या रकान्यात ते लिहा, आणि पीसीसी, म्हणजे पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र, पासपोर्टच्याच नावाने काढा. हे पीसीसी पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतं, गावच्या पोलीस ठाण्याचा दाखला इथे उपयोगी नाही. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं असतील तर फॉर्ममध्येही ती तशीच दोन्ही येऊ द्या.

नाकारलेला स्टडी परमिट ही तुमच्या फाइलमधली खरी नाजूक जागा आहे. नकाराने अर्ज बुडत नाही. लपवला तर बुडतो. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला का, हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे आणि कॅनडाच्या नोंदी अधिकाऱ्याच्या समोरच उघड्या असतात. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते. ‘हो’ लिहा, नकाराचं पत्र जोडा आणि मग अर्धं पान असं लिहा की, अभ्यासाचा बेत कधी होता, नकारानंतर पत्नीने काय केलं, कुठे नोकरी केली आणि तुमचं स्थळ त्यानंतर किती काळाने, कोणामार्फत आलं. ‘शिकायला जाता आलं नाही म्हणून कॅनडातला मुलगा शोधला’ ही शंका अधिकाऱ्याच्या मनात येणारच आहे. तिला उत्तर द्यायची संधी मुलाखतीपर्यंत ढकलू नका. आधीच्या स्टडी परमिटच्या अर्जात पत्नीने शिक्षण, नोकरी, पत्ते जे लिहिलं होतं ते आताच्या अर्जाशी जुळतंय का, तेही पाहा. तो जुना अर्ज एजंटने भरला असेल आणि प्रत नसेल तर ती माहिती कायद्याने मागवता येते.

शेड्यूल ए, म्हणजे आयएमएम ५६६९, हा पत्नीने भरायचा फॉर्म. त्यात गेल्या दहा वर्षांचा एकही महिना रिकामा राहता कामा नये. नोकरी नव्हती तो काळ ‘बेरोजगार’, ‘घरी’, ‘एमपीएससीची तयारी’ असं जे होतं ते लिहा. मोकळे महिने राहिले तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येऊ शकतो, आणि तोवर गेलेला वेळ कुणी भरून देत नाही.

तुमच्या बाजूचे कागद तुलनेने सोपे आहेत: पीआर कार्ड, सीआरएचं (कॅनडाच्या कर खात्याचं) मूल्यांकन पत्र, नोकरीचं पत्र, टी-४ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला). जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट सर्वसाधारणपणे नाही, पण अपंगत्वाशिवाय अन्य कारणाने सरकारी मदतीवर असलेला माणूस स्पॉन्सर करू शकत नाही. तुम्ही स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आला असाल तर पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं. पत्नी पीआर झाल्यापासून तीन वर्षं त्यांच्या मूलभूत गरजांची हमी तुमच्यावर राहते आणि पुढे घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. सही करण्याआधी हे दोन्ही घरच्यांना माहीत असलेलं बरं. सीआरएला लग्नाची माहिती पुढचा महिना संपायच्या आत द्यायची असते, म्हणजे डिसेंबरच्या लग्नाची जानेवारीअखेर. ती राहिली असेल तर आज करा, कारण इकडे ‘विवाहित’ आणि करविवरणात ‘अविवाहित’ ही विसंगती अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. आणखी एक: पीआर असलेल्या स्पॉन्सरने अर्ज चालू असताना कॅनडातच राहायला हवं. भेटीला जाणं वेगळं, सहा-सहा महिने भारतात मुक्काम वेगळा. परदेशात राहून स्पॉन्सर करण्याची सवलत फक्त नागरिकांना आहे, तीही पुढे कॅनडात परतणार असतील तरच.

३० एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या दराने फी अशी होती: स्पॉन्सरशिप ८५ डॉलर, पत्नीच्या अर्जाची ५४५, पीआरच्या हक्काची ५७५, मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर, शिवाय बायोमेट्रिक्सचे ८५. हे दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर पाहूनच भरा. पीआरच्या हक्काची फी नंतर भरता येते, पण सुरुवातीलाच भरली तर शेवटी फाइल त्यापायी अडत नाही. अर्ज ऑनलाइन पोर्टलवरच होतो. मेडिकल आयआरसीसीचं पत्र आल्यावर त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करायची. पत्नीला मधुमेह किंवा दुसरा जुना आजार असेल तर घाबरू नका, उपचारांच्या खर्चाचं कारण देऊन जोडीदाराला नाकारता येत नाही.

आयएमएम १३४४, म्हणजे स्पॉन्सरने भरायच्या फॉर्ममध्ये एक चौकट असते: स्पॉन्सर अपात्र ठरला तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा. मागे घेतलात तर स्पॉन्सरशिपची फी सोडून बाकी पैसे परत मिळतात, पण अपिलाचा हक्क जातो. कॅनडाबाहेरून केलेला अर्ज नाकारला गेला तर तुम्हाला इमिग्रेशन अपील विभागाकडे ३० दिवसांत जाता येतं, आणि तिथे लग्नानंतरचे नवे पुरावेही मांडता येतात. या हक्काचं मोल मोठं आहे, म्हणून ती चौकट घाईत भरू नका. कॅनडात राहून करायच्या अर्जाला हे अपील नाही.

कुणी पैसे घेऊन मदत करणार असेल तर तो वकील, क्यूबेकचा नोटरी किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’चा, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचा परवानाधारक असायला हवा आणि फाइलमध्ये आयएमएम ५४७६ या प्रतिनिधीच्या फॉर्मवर त्याचं नाव हवं. ‘माझं नाव कुठे टाकू नका, मी मागून सगळं करून देतो’ असं म्हणणाऱ्याच्या हातात पत्नीचा पासपोर्ट देऊ नका. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताची वेगळी हमी आणि वेगळी प्रक्रिया आहे, तुम्ही ओंटारिओत असल्याने ती तुम्हाला लागू नाही.

शेवटी तुमच्या पत्राखाली तुम्ही ओझरतं विचारलं होतं की, तोवर पत्नीला व्हिजिटर व्हिसावर आणता येईल का. अर्ज करता येतो. कायद्याच्या कलम २२ मध्ये दोन्ही हेतू, म्हणजे तात्पुरतं येणं आणि पुढे कायमचं राहणं, एकाच वेळी असू शकतात हे मान्य केलेलं आहे. स्पॉन्सरशिपचा अर्ज पोचल्याचं पत्र जोडा, तो चालू आहे हे व्हिसाच्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा आणि मुदत संपली तर परत जाण्याची तयारी कशी आहे तेही लिहा. यादरम्यान पासपोर्ट बदलला, पत्ता बदलला किंवा बाळाची चाहूल लागली, तर आयआरसीसीच्या वेबफॉर्मवर लगेच कळवा. बाळ पत्नी पीआर होण्याआधी भारतात जन्मलं आणि त्याची माहिती दिली नाही, तर नियमावलीच्या कलम ११७ खाली पुढे त्याला स्पॉन्सर करण्याची वाट बंद होऊ शकते. हाच नियम स्वतःचा पीआर अर्ज चालू असताना लग्न करून ‘अविवाहित’ म्हणूनच कॅनडात उतरणाऱ्यांनाही लागू होतो, तेव्हा तुमचे कुणी मित्र सध्या त्या टप्प्यावर असतील तर त्यांना उतरण्याआधी लग्न कळवायला सांगा.